साकवाची हमी

२३ सप्टेंबर १९६८, सोमवार

मी कामाला आहे त्या गिरणीच्या शेठनी जानेवारीत दिलेली डायरी आजवर कोरीच होती. आज डोकं इतकं तापलंय की कुठेतरी ओतलंच पाहिजे, म्हणून उघडली.

साकवाचं काम जयवंताला गेलं. आमच्या मजूर संस्थेचा दर त्याच्याहून कमी होता. सगळ्यांसमोर निविदा फोडल्या तेव्हा कर्जतच्या ऑफिसातला कारकून माझ्याकडे बघून हसलासुद्धा होता. आणि आज बोर्डावर कागद: 'संस्थेस सदर प्रकारच्या कामाचा अनुभव नाही, सबब निविदा अपात्र.'

अनुभव नाही! दरवर्षी पावसाळा सरला की नदीवर लाकडांचा साकव उभा राहतो आणि पुढच्या आषाढात वाहून जातो. गाव नदीच्या पलीकडे, आमची बौद्धांची वस्ती अलीकडे. शाळा, स्टेशन, दवाखाना सगळं पलीकडे. हा साकव छपन्न सालापर्यंत कोणी बांधला? आमच्या बापजाद्यांनी. जयवंता पाटलांचा भाचा. तीन वर्षं ठेका घेतोय आणि त्याचा साकव शिमग्याच्या आत तोंड वाकडं करतो.

मला लहानपणीचं एक चित्र लख्ख आठवतं. सातव्या वर्षी शिकायला मामाकडे अंबरनाथला गेलो, त्याच्या आधीचं. नवा साकव तयार झालेला. बाबा आणि धर्माजीकाका छातीभर पाण्यात, मधल्या खांबांना खांदा लावून उभे. वरून अख्खं गाव वाजतगाजत चाललेलं. पहिला पाय पाटलाचा, मग बाकीचे. मी काठावरून बघत होतो. मला वाटायचं, माझा बाप अख्खं गाव खांद्यावर घेऊन उभा आहे. छाती अशी फुगायची की विचारू नका.

आणि म्हणे अनुभव नाही.

२४ सप्टेंबर

गिरणीतून परस्पर धर्माजीकाकांकडे गेलो. ते संस्थेचे चेअरमन, मी सेक्रेटरी. म्हणालो, हरकत घ्यायची. अलिबागला मोठ्या साहेबांकडे अर्ज करायचा.

काका विडी विझवत म्हणाले, "आपलं पयलंच काम. पयल्याच कामाला भांडान?"

"भांडण नाही काका. हक्क आहे तो."

"हक हाय रं. पर अनुभव कसा सांगनार? कागूद हाय का आपल्याकडं?"

"माणसं आहेत ना."

काका म्हणाले, बघ बाबा, तू शिकलेला. मला हे वाक्य फार आवडतं, हे इथे कबूल करायला हरकत नाही. हे काम मिळालं तर पुढच्या मोऱ्या, शाळेचं कुंपण, सगळं मिळत जाईल. नाही मिळालं तर वस्तीतला गजा आणि त्याच्यासारखे पोरगे पुन्हा खोपोलीच्या नाक्यावर रोजगारासाठी उभे.

२७ सप्टेंबर

अलिबागला अर्ज देऊन आलो. जाताना पेणच्या पुढे एसटी बंद पडली आणि सगळ्यांनी मिळून ढकलली. इस्त्रीची पँट चिखलाने भरली. अर्ज मात्र झकास झाला आहे. 'पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रत्यक्ष अनुभव' हे शब्द मी मुद्दाम वर घेतले. आवक कारकुनाने वाचून विचारलं, वकिलाकडून लिहून घेतला का? मी नुसता हसलो.

१ ऑक्टोबर, दसरा

विहारात वंदना झाली. नंतर धर्माजीकाकांनी दीक्षेच्या वेळची हकिगत सांगितली. दरवर्षी सांगतात. मेलेली ढोरं ओढणं, गावकीची कामं, दवंडी, सगळं कसं एका दिवसात टाकलं. साकवही त्यातच गेला.

बाबा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो कधी बोलत नाही. दीक्षा घेऊन आल्यापासून त्याने साकवाखाली पाऊल ठेवलेलं नाही, ते ठीक. पण वरही ठेवलेलं नाही! साकव समोर उभा असताना हा धोतर वर खोचून, वहाणा डोक्यावर घेऊन पाण्यातून पलीकडे जातो. भिवपुरीच्या पॉवरहाऊसचं पाणी सुटलं की नदी ऐन उन्हाळ्यातही कमरेला येते, तरी हा आपला पाण्यातून. स्टेशनावरून येणारे लोक बघतात, हसतात. गिरणीतल्या एकाने मागे मला विचारलं होतं, तो म्हातारा कोण रे? मी म्हटलं, आहे आमच्या वस्तीतला. मला या हट्टाची लाज वाटते. आम्हाला वर जायची बंदी होती तेव्हा ठीक, आता कोण अडवतंय?

सखाकाका, म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ, आज खुशीत होता. त्याचा एक गुडघा वळत नाही. पोरांनी विचारलं, काका, पाय कशाने मोडला? म्हणाला, जांभळीवरनं पडलो. मला लहानपणी आंब्याचं झाड सांगितलेलं चांगलं आठवतं. मी म्हटलं, काका, झाड बदललं वाटतं? तर म्हणे, दोन्ही झाडांवरनं पडलो रं, एकानं भागंना. लबाड आहे.

८ ऑक्टोबर

नोटीस आली! शुक्रवारी खालापूरच्या विश्रामगृहात सुनावणी. अलिबागचे साहेब दौऱ्यावर येणार आहेत, तिथेच ऐकून घेणार. अनुभवाबद्दल साक्ष असल्यास हजर करावी.

बाबाला म्हटलं, तू ये. तू नुसतं सांग की साकव बांधला. बाकी मी बोलतो.

बाबा टोपलीला बांबूच्या कांब्या विणत होता. मान वर न करता म्हणाला, "धर्माजीला ने."

"ते चेअरमन आहेत. स्वतःच्याच संस्थेबद्दल ते काय साक्ष देणार? तू नुसता सभासद. तुझं वय आहे. तुझं ऐकतील."

"मला त्ये बोलाया नगं पांडू."

"दोन शब्द बोलायचे आहेत, भाषण नाही."

आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पोत्यातलं भात सांडलं. मी चिडून बाहेर निघालो तर बाबा मागून म्हणाला, "तुला ह्ये काम पायजेच हाय का?"

"हो."

"मंग येतो."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो असं वाटतंय. पण आनंद म्हणावा तसा होत नाही. सगळं क्रमाने लिहितो.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल टाकलं होतं. साहेब देशावरचे, बोलायला मऊ. जयवंता आधीच येऊन साहेबांच्या उजव्या बाजूला बसला होता. मी अर्जातले मुद्दे मांडले. साहेबांनी मान डोलावली. मग बाबाला पुढे बोलावलं. खुर्ची दिली, बाबा बसला नाही.

"साकव बांधलात तुम्ही?"

"बांदला."

"किती वर्षं?"

"जवानी त्यातच गेली, साहेब."

"छान. मजुरी काय मिळायची?"

मी डोळ्यांनी खुणावलं, सांग काहीतरी. त्याने एकदा नदी असावी त्या दिशेला बघितलं. खालापुरात कुठली आमची नदी!

"भाकरी," बाबा म्हणाला. "सुगीला खळं झाडून उरंल त्ये भात."

जयवंता खुर्चीत मागे रेलून हसला. "म्हणजे गावकीची वेठ, साहेब. ती तर ह्यांना करावीच लागायची. ह्याला हे अनुभव म्हणतात. उद्या म्हणतील, ढोरं ओढायचा पण अनुभव हाय."

माझे कान गरम झाले. साहेबांच्या पट्टेवाल्यासमोर, चहावाल्यासमोर तो 'भाकरी' शब्द तसाच टेबलावर पडून राहिला. मला वाटलं, बाबाला नेमकं हेच सांगायची काय गरज होती? काहीतरी भारी बोलून तो शब्द झाकावा म्हणून मी एकदम म्हणालो, "साहेब, काम कसं होतं ते विचारा. नवा साकव झाला की आमची माणसं त्याच्याखाली उभी राहायची. अख्खं गाव वरून जाईपर्यंत. स्वतःच्या कामावर इतका भरवसा! यांनी कधी आपल्या साकवाखाली उभं राहून दाखवलंय?"

साहेबांनी चष्मा काढला. "खरंच?" बाबाला विचारलं.

"व्हय," बाबा म्हणाला. एवढंच.

जयवंताचा चेहरा पडला होता, पण तो लगेच सावरला. "तेव्हा उभे राहायचे. आता राहतील का? विचारा त्यांना."

"राहतील," मी म्हणालो.

"लिहून देतील?"

साहेब म्हणाले, "अहो, याची काही गरज नाही. नियमात असं काही नाही."

"नाही साहेब, लिहूनच घ्या," मी म्हणालो. "साकव पुरा झाल्यावर पहिली माणसं वरून जाताना संस्थेचा सभासद खाली उभा राहील. हमी."

बाबाने मागून माझी बाही ओढली. "पांडू, चल आता." एसटी चुकेल म्हणून घाई करत असावा. मी म्हटलं, थांब जरा. आणि लिहून दिलं. अक्षर उत्तम आलं. साहेब वाचून म्हणाले, तुमची मर्जी. पण त्यांच्या बोलण्यावरून कळलं की काम आम्हाला येणार.

फाट्यावर बाबाला चहा घेतला. त्याने कपाला हात लावला नाही, साय धरली तरी. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाला, वारा लागला.

१८ ऑक्टोबर

हुकूम आला. जयवंताचा ठेका रद्द, काम मजूर संस्थेला. दिवाळी झाल्यावर सुरुवात करायची. मी हुकूम घेऊन वस्तीत शिरलो तेव्हा पोरं मागे पळत होती. वाटलं, आता हार घालतात की काय!

संध्याकाळी विहारापुढे बैठक. हुकूम मोठ्याने वाचला. शेवटी हमीचं कलम आलं आणि टाळ्या वाजता वाजता थांबल्या.

"परत वाच," धर्माजीकाका म्हणाले.

वाचलं.

"कोनाला इचारून लिवून दिलंस रं?"

"काका, त्यानेच तर काम मिळालं."

"आमी साकव बांदू," गजा म्हणाला. "दाम घिऊन बांदू. पर खाली उबं? त्ये आमच्या बापांनी छपन्न सालीच नदीला दिलं. तू परत काडून आनलंस?"

मी सांगून बघितलं की ही वेठ नाही, ही हमी आहे, कंत्राटदाराची जबाबदारी आहे. बोलता बोलता मलाच माझा आवाज जयवंतासारखा वाटायला लागला. मग म्हणालो, नुसता कागद आहे हो, कोण बघणार आहे?

"जयवंता बघनार हाय," काका म्हणाले. "अख्खं गाव बघाया येनार हाय. महारं परत खाली उबी ऱ्हायली म्हनून."

काकांच्या तोंडून तो जुना शब्द ऐकला आणि सगळी बैठक खाली बघायला लागली.

गजा म्हणाला, "सेक्रेटरीनं लिवलंय, सेक्रेटरीनं उबं ऱ्हावं."

"राहीन," मी म्हणालो. "मी उभा राहीन. मला नाही लाज वाटत."

खोटं. तेव्हाच वाटायला लागली होती. बाबा विहाराच्या दारात उभा होता, तो तिथूनच निघून गेला.

२० ऑक्टोबर

गिरणीला सुट्टी. आई तांदूळ निवडत होती, मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, आई, बाबा बोलत नाही माझ्याशी. असं काय मोठं केलं मी?

आई निवडत राहिली. मग म्हणाली, "सखाभावजीचा पाय कशानं मोडला?"

"जांभळीवरून. नाहीतर आंब्यावरून."

"कुटली जांभळ नि कुटला आंबा. साकव मोडला त्याखाली मोडला."

मी पाळण्यात होतो तेव्हाची गोष्ट. नवा साकव, वरून पहिल्याच दिवशी गावातलं लग्नाचं वऱ्हाड गेलं, सगळे एकदम. मधला वासा सुटला. वरची माणसं पाण्यात पडली, भिजली, हसत हसत काठाला लागली. खाली सखाकाका होता. वासा त्याच्या गुडघ्यावर. बाबा शेजारच्याच खांबाला होता. त्याने भावाला काठावर आणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गावाने बाबालाच साकव परत बांधायला लावला. त्या सुगीला बाबा खळ्यावर गेला तर गावकरी म्हणाले, साकव मोडलास, आता भात कसलं मागतोस?

"त्यानंतर बी लई वरसं उबा ऱ्हायला," आई म्हणाली. "घरात तुमी व्हता ना खायाला. दीक्षा घिऊन आला त्या दिशी मला म्हनला, भीमा, आता खाली जायाचा नाय, नि वर बी जायाचा नाय. मी म्हनलं, वर का नाय? म्हनला, वर पाय टाकला की मला सखाचा गुडगा दिसतो."

सुपातले खडे उचलायला लागलो तर हातात तांदूळच येत होते. माझ्या त्या छाती फुगवणाऱ्या चित्राच्या आधीच हे सगळं होऊन गेलं होतं. तरीही मी व्हरांड्यात, जयवंतासमोर, ते मेडलसारखं छातीवर लावून दाखवलं. बाबाने बाही ओढली ती एसटीसाठी नव्हती.

सखाकाकाला जाऊन विचारलं, काका, खरं सांग, कुठलं झाड?

माझं तोंड बघून तो समजला असावा. म्हणाला, "शेवग्याचं असंल. ठिसूळ असतंय." आणि मला विडी देऊ केली. मी ओढत नाही हे त्याला ठाऊक आहे.

२ नोव्हेंबर

आज ठरवून कर्जतच्या ऑफिसात गेलो. हमीचं कलम काढून टाका, असं सरळ सांगायचं होतं. वाटेत वाक्यंही जुळवली होती. आत गेलो तर जयवंता चहा पीत बसलेला. "या सेक्रेटरी! पाणी गार हाय बरं का सध्या."

तिथल्या साहेबांनी विचारलं, काय काम काढलंत? मी म्हणालो, काही नाही, पहिलं बिल कधी मिळेल ते विचारायला आलो होतो.

स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. एक वाक्य बोलायचं होतं.

९ नोव्हेंबर

काम जोरात. गिरणीतून सुटल्यावर रोज जातो. खांब उभे राहिले, बुडाशी दगडांच्या टोपल्या बसल्या. गजा पाण्यात मासळीसारखा वावरतो. सखाकाका काठावर बसून सगळ्यांना शिव्या देतो आणि सगळे आनंदाने खातात. दोन तास मीही सगळं विसरून गेलो होतो.

बाबा कामावर येत नाही. पण आज संध्याकाळी परत येताना बघितलं, तो वरच्या बाजूला करंजाच्या झाडाखाली बसून साकवाकडे बघत होता. मला बघून उठला आणि जनावर शोधायला आल्यासारखा झुडपात शिरला. आमच्याकडे जनावर नाही.

२३ नोव्हेंबर

साकव झाला. देखणा झालाय. उद्या रविवारी सकाळी उद्‌घाटन. कर्जतचे साहेब येणार, सरपंच येणार, पाटील येणार. जयवंताने गावभर सांगून ठेवलंय, बघायला या. धर्माजीकाका म्हणाले, संस्थेतलं कोणी खाली उतरणार नाही, आम्ही सगळे काठावर उभे राहू, आणि तू पोरा, तुझं तू बघ.

मी जुनी अर्धी चड्डी काढून ठेवली आहे. मला पोहता येत नाही, पण पाणी छातीपर्यंतच असेल. लाज नदीत बुडून संपते का ते उद्या कळेल.

जेवताना बाबाला म्हटलं, बाबा, चुकलं माझं.

तो म्हणाला, "कालवण घे अजून."

२४ नोव्हेंबर, रविवार

अर्ध्या चड्डीवर, खांद्याला टॉवेल टाकून नदीवर गेलो. दोन्ही काठांवर ही गर्दी. पलीकडे गाव, मध्ये जयवंता, नवा शर्ट घालून. अलीकडे आमची वस्ती. आमची माणसं माझ्याकडे बघत नव्हती. सगळी साकवाच्या मध्याकडे बघत होती.

मधल्या खांबाला खांदा लावून बाबा उभा होता. डोक्याला फडकं, पाणी छातीला. सकाळीच पॉवरहाऊसचं पाणी आलं होतं आणि नदी चढत होती.

मी काठावरून ओरडलो, बाबा, वर ये! मी आलोय.

"तू वर जा," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं.

"हमी मी लिहून दिलीय."

"सभासद म्हनून लिवलंयस. मी सभासद हाय. येळ घालवू नगं, पानी वाडतंय."

धर्माजीकाका सदऱ्याची बटणं काढायला लागले होते. बाबाने पाण्यातून हात वर केला. "धर्माजी, नगं. एकानं भागतंय."

तेवढ्यात आई पुढे आली. तिच्या हातात माझी इस्त्रीची पँट होती आणि चपला. म्हणजे घरातून निघतानाच ठरलं होतं. म्हणाली, "घाल. त्यांनी सांगितलंय, पयला पाय पांडूचा पडाया पायजे. पाटलाचा नाय."

इथे मी पाण्यात उडी मारायला हवी होती. आता लिहिताना किती सोपं वाटतंय. पण साहेबांची जीप आली होती, सगळे बघत होते, आणि मी करवंदीच्या जाळीमागे जाऊन पँट घातली.

साहेब म्हणाले, "चला सेक्रेटरी, काम तुमचं, आधी तुम्ही." माझ्या दंडाला धरून ते साकवाच्या तोंडाशी आले. पाटील पलीकडे ताटकळत होते. साहेबांनी वाकून खाली बघितलं. "अरे, खरंच उभे केलेत की कोणीतरी! कोण आहेत ते?"

मी म्हणालो, "संस्थेचे सभासद आहेत."

हेच शब्द. माझे वडील आहेत, असं नाही म्हणालो. का नाही म्हणालो ते मला ठाऊक आहे. खाली पाण्यात उभा असलेला, डोक्याला फडकं बांधलेला तो माणूस माझा बाप आहे, हे मला इस्त्रीच्या पँटीत सांगवेना.

मग चाललो. साकव जराही हलला नाही. मध्यावर आलो तेव्हा मान ताठ ठेवली, समोर जयवंताच्या शर्टाकडे बघत राहिलो. फळ्यांच्या फटीतून पाण्याचा आवाज येत होता. पलीकडे पोचलो तशा आमच्या काठावर टाळ्या वाजल्या. मग साहेब, मग सरपंच, मग पाटील, मग सगळं गाव. लोक संपेपर्यंत बाबा खाली होता. जयवंता सगळ्यात शेवटी आला आणि त्याने मात्र मध्यावर थांबून खाली बघितलं. हसला नाही. त्याच्याकडून मला हसण्याची अपेक्षा होती. हसला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबा गोधडी गुंडाळून चुलीपाशी बसला होता. दात वाजत होते. आईने सुंठ घालून चहा दिला. मी समोर बसलो. तो म्हणाला, "खाली बगितलंस का?"

"नाही."

"मी वर बगत व्हतो." चहाचा घोट घेतला. "तुज्या डाव्या चपलेचा खिळा निगालाय. टाच पार झिजलीय. उद्या ठोकून घे."

मी उठून बाहेर गेलो. ओटीवर सखाकाका होता. त्याने सरकून जागा दिली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गिरणीला निघालो. साकवापाशी आलो आणि पाय उचलेना. चपला हातात घेतल्या, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि पाण्यात उतरलो. गार पाणी. चार पावलं गेलो असेन.

"साकव काय बगाया बांदलाय रं?"

मागे काठावर बाबा. अंगावर गोधडी, डोळे तापाने लाल.

मी परत फिरलो. ओल्या पायांनी काठावर आलो. बोलायचं खूप होतं. साहेबांना मी काय म्हणालो ते सांगायचं होतं. नदी तिथे कितीशी रुंद, त्याने ऐकलं असेल की नसेल, रात्रभर हाच विचार. तोंड उघडलं, पण त्याने आधीच साकवाच्या तोंडाशी माझ्यासाठी जागा केली होती.

"व्हा म्होरं, सेक्रेटरी," तो म्हणाला. "सभासद येतोय मागनं."

चेहऱ्यावर हसू होतं की ताप, मला बघवलं नाही. मी साकवावर चढलो. मागे फळी वाजली. दीक्षेनंतरच्या बारा वर्षांत पहिल्यांदा. मी वळलो नाही, नुसता ऐकत चाललो. मध्यावर पावलं थांबली तेव्हा मलाही थांबावं लागलं. वळून बघितलं तर बाबा कठड्याचा बांबू धरून वाकला होता. मधल्या खांबापाशी, काल तो उभा होता तिथे, तो खाली बघत होता. चांगलं निरखून बघितलं. मग दुसऱ्या बाजूनेही वाकून बघितलं.

"कोन नाय," तो म्हणाला. आणि चालायला लागला.